पाणी एक, नजरा दोन

डोळे जन्माबरोबर मिळतात; पाहणे मात्र शिकावे लागते. ते शिकविणारे गुरुजी शाळेत नसतात. आजी, आई, शेजारपाजार, गावची रीतभात आणि तोंडी बसलेले शब्द यांच्याकडून आपण नकळत पाहावयास शिकतो. एकदा शिकलो, की आपल्याला दिसते तेच आणि तेवढेच जगात आहे, अशी आपली पक्की समजूत होते. ह्या समजुतीला धक्का देणाऱ्या दोन पुस्तकांचा आमच्या नगर जिल्ह्याशी जवळचा संबंध आहे. (जिल्ह्याला २०२४ पासून सरकारदरबारी अहिल्यानगर म्हणतात, जिभेवरचे नगर मात्र अजून उतरलेले नाही.) एक लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ आणि दुसरे दया पवारांचे ‘बलुतं’. दोन्ही आत्मचरित्रे आहेत आणि दोन्ही मराठी वाचकाच्या घरी असतात. पण ती सहसा एका फळीवर नसतात. ‘स्मृतिचित्रे’ आपण हसतखेळत, घरातल्या मुलाबाळांना मोठ्याने वाचून दाखवितो. ‘बलुतं’ मात्र एकट्याने, दार लोटून घेऊन वाचतो. ही वाटणी मला मान्य नाही. दोन्ही पुस्तके एकापुढे एक ठेवून वाचली, तरच प्रत्येकाचे खरे मोल कळते, असे माझे मत आहे, आणि तेच येथे मांडावयाचे आहे. दिवाळीच्या फराळाच्या ताटाशेजारी हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण घरची सगळी माणसे एकत्र बसली असतील, तर घराने आपल्याला काय पाहावयास शिकविले, हे बोलण्यास याहून चांगली वेळ कोणती?

प्रथम साध्या गोष्टींपासून सुरुवात करू. मी मराठी शाळेत शिकविते. चित्रकलेच्या तासाला मुलांना ‘तुमचे गाव काढा’ म्हणून सांगितले, की निम्म्याहून अधिक वह्यांत तेच एक चित्र उमटते: दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधून डोकावणारा सूर्य, डोंगरातून वाकडीतिकडी येणारी नदी, काठी एक कौलारू घर आणि नारळाचे झाड. कर्जत-जामखेडकडील सपाट, कोरड्या मुलखात वाढलेले मूलही हेच काढते. त्याच्या डोळ्यांसमोर रोज बाभळी आहेत, ज्वारीची ताटे आहेत, पत्र्याची घरे आहेत. पण ‘चित्रातले गाव’ त्याला दुसऱ्या कोणी दिलेले आहे, आणि कागदावर तेच उतरते. मूल खोटे बोलत नाही. ‘चित्र’ म्हटले की काय दिसावयास हवे, हे ते शिकलेले असते.

पावसाचेही तसेच. शहरातल्या माणसाला पाऊस म्हणजे पाऊस. फार तर जोराचा किंवा रिमझिम. आमच्या शेतकऱ्याला मात्र मृगाचा पाऊस वेगळा, आर्द्राचा वेगळा. पुनर्वसूचा तो ‘तरणा’, पुष्याचा तो ‘म्हातारा’, आणि हस्ताचा तो ‘हत्ती’. पंचांगात त्या त्या नक्षत्राचे वाहनही दिलेले असते: कधी बेडूक, कधी घोडा, कधी कोल्हा. हे नुसते गमतीचे नामकरण नव्हे. पर्जन्यछायेतल्या ज्या तालुक्यांत रब्बीची ज्वारी हेच वर्षाचे पोट, तेथे हत्तीचा पाऊस सोंड हलवितो की नाही याकडे सारे घर डोळे लावून बसते. एकच सर पडते. तिच्यात पाहुण्याला चिखल दिसतो आणि घरधन्याला पेरणी दिसते.

तज्ज्ञांनीही ह्या गोष्टीचा शोध घेतलेला आहे. सारख्याच लांबीच्या दोन रेघा काढल्या, एकीच्या टोकांना आत वळणारी बाणाची पाती जोडली आणि दुसरीच्या टोकांना बाहेर फाकणारी, की दुसरी रेघ लांब वाटते. हा दृष्टिभ्रम १८८९ पासून सर्वांच्या परिचयाचा आहे. सेगल, कॅम्पबेल आणि हर्स्कोविट्स ह्या तीन अमेरिकन अभ्यासकांनी तो निरनिराळ्या देशांतील लोकांना दाखवून पाहिला आणि १९६६ मध्ये आपला निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडला. अमेरिकन शहरवासी सर्वांत अधिक फसले. आफ्रिकेतील कालाहारीच्या रानात राहणाऱ्या लोकांना तो भ्रम जवळजवळ झालाच नाही. चौकोनी खोल्यांत, काटकोनांच्या कोपऱ्यांत वाढलेला डोळा फसतो, असा त्यांचा तर्क होता. कारणाविषयी पुढे पंडितांत मतभेद झाले, आणि ते अजून मिटलेले नाहीत. पण साध्या दोन रेघासुद्धा सर्वांना सारख्या दिसतीलच असे नाही, एवढी गोष्ट त्यातून पुढे आली.

आमच्या नेवासे तालुक्यातले शनिशिंगणापूर घ्या. तेथील घरांना दारे-कुलपे न लावण्याची रीत प्रसिद्ध आहे. शनिदेव राखण करतो, अशी गावाची श्रद्धा. २०११ मध्ये एका बँकेने तेथे शाखा उघडली, तेव्हा तीही बिनकुलपाची, याची केवढी बातमी झाली! बाहेरच्याला उघडा उंबरा आश्चर्याचा वाटतो. गावकऱ्याला आपल्या कुलपांचे आश्चर्य वाटत असेल. पण त्याच गावात शनीच्या चौथऱ्यावर बायकांनी चढावयाचे नाही, हाही नियम होता, आणि तोही पिढ्यानपिढ्या कोणाला खटकत नव्हता. एप्रिल २०१६ मध्ये न्यायालयाच्या निर्णयानंतर तो मोडला. दार नसलेली घरे ज्या डोळ्याला स्वाभाविक वाटत, त्याच डोळ्याला चौथऱ्याभोवतीचे न दिसणारे दारही स्वाभाविकच वाटत होते. संस्कार विश्वास शिकवितो आणि मज्जावही शिकवितो, आणि दोन्ही एकाच दमात शिकवितो. यासाठीच त्याची तपासणी व्हावयास हवी.

ही तपासणी करावयाची तर मराठीत एका शब्दापासून आरंभ करावा लागतो. तो शब्द ‘सोवळे’. केवढा पसारा आहे त्याचा! कपडा सोवळा, स्वयंपाक सोवळा, पाणी सोवळे, माणूस सोवळा. आणि नवरा गेल्यावर केस उतरविलेली बाईही ‘सोवळी’. त्याचा उलटा शब्द ‘ओवळे’. ‘विटाळ’ हा आणखी एक. तो बाईच्या महिन्याच्या चार दिवसांनाही लागतो आणि दुसऱ्या जातीच्या माणसाच्या स्पर्शालाही. मुलांच्या पळापळीच्या खेळालासुद्धा आपण ‘शिवाशिवी’ म्हणतो, आणि तेथेही ज्याला शिवले त्याच्यावर राज्य येते. डोळ्यांना न दिसणारी एक वस्तू शब्दांनी इतकी घट्ट विणून ठेवली, की ती भिंतीइतकी खरी झाली. परदेशी माणसाला आपल्या घरातला तांब्या दिसतो. सोवळ्यात वाढलेल्या डोळ्याला तो तांब्या कोणी कोणी शिवला याची अख्खी यादी दिसते.

ही यादी दिसणे म्हणजे काय, हे ‘स्मृतिचित्रे’ इतके नेमकेपणाने मराठीत दुसऱ्या कोणी सांगितलेले नाही. १८६८ मध्ये नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेल्या ह्या बाईंना शाळेचे तोंड पाहावयास मिळाले नाही. लिहिणे-वाचणे आले ते लग्नानंतर. पती नारायण वामन टिळक कवी, मनाचे उतावळे आणि हाताचे उधळे. १८९५ मध्ये मुंबईला त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली, आणि लक्ष्मीबाईंचा संसार एका दिवसात दोन काठांवर उभा राहिला. पुढे त्या पतीकडे आल्या, नगरला आणि राहुरीला राहिल्या. तेथेही काही काळ त्यांनी आपले पाणी आणि आपली चूल वेगळी राखली. सुमारे पाच वर्षांनी त्यांनीही पतीचा धर्म स्वीकारला. हे सर्व त्यांनी म्हातारपणी लिहिले, आणि १९३४ पासून ते चार भागांत प्रसिद्ध झाले.

‘स्मृतिचित्रे’विषयी आपल्याकडे ठरावीक बोलले जाते: बाई भोळी, भाषा साधी, विनोद निर्मळ. हे सर्व खरे असून अपुरे आहे. पुस्तकाच्या आरंभीच लक्ष्मीबाई आपल्या वडिलांच्या सोवळ्याची हकीगत सांगतात. त्यांच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली, आणि त्या घटनेच्या धक्क्यानंतर वडिलांच्या डोक्यात सोवळ्याने ठाणे दिले. घरात येईल ती वस्तू धुतल्याखेरीज त्यांना चैन पडेना. आपण हे वाचून हसतो. पण पाहा, बाईंनी येथे केवढी गोष्ट करून ठेवली आहे! धर्मशास्त्राचा आधार दाखवून जो आचार घरोघर चालतो, त्याचे एक मूळ त्यांनी भीतीत नेऊन दाखविले. बाहेरच्या जगात ज्याचे काही चालत नाही, तो माणूस घरातल्या घागरीवर राज्य करतो. हा विचार त्यांनी शब्दांत मांडलेला नाही. नुसती हकीगत अशा क्रमाने लावली आहे, की तो आपल्या मनात उभा राहावा. हा भोळेपणा नव्हे.

त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. टिळकांसारखा वादपटू नवरा, मिशनची मंडळी, पंढरपूरपासून नाशिकपर्यंतचे नातेवाईक, सगळ्यांनी बाईंना आपापल्या बाजूला ओढले. पण नजर पालटली ती कोणाच्या उपदेशाने नव्हे. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी एकट्याने स्वतःला विचारला. देवाने केलेल्या इतर जातींत, झाडापाखरांत, जो फरक उघड दिसतो तसा माणसामाणसांत दिसत नाही, असे त्यांच्या ध्यानी आले, आणि यापुढे कोणाच्याही हातचे खावयाचे-प्यावयाचे हे त्यांनी ठरवून टाकले. बाप्तिस्म्याआधी हे झाले, हे विसरून चालणार नाही. देव बदलण्यापूर्वी त्यांनी डोळे बदलले. ज्या समीक्षकांना हे पुस्तक केवळ धर्मांतराची कहाणी वाटते, त्यांनी हा क्रम पुन्हा तपासून पाहावा.

लक्ष्मीबाईंचे दुसरे सामर्थ्य असे, की नवी नजर आल्यावर जुन्या नजरेला त्या वेडगळ ठरवीत नाहीत. सोवळ्यातली जी लक्ष्मी होती, तिला काय दिसत होते, ते त्या तिच्याच डोळ्यांनी पुन्हा पाहून सांगतात. सुधारलेली माणसे सहसा आपल्या पूर्वायुष्यावर दात-ओठ खाऊन लिहितात, किंवा त्याची रडकथा करतात. बाई हसतात, आणि हसता हसता दोन्ही काठ दाखवितात. टिळकांचेही असेच. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते म्हणत. आणि त्यांनी अभंगाच्या वळणाची जी भजने रचली, ती आजही चर्चमध्ये मराठी टाळमृदंगावर म्हटली जातात. धर्म पालटला तरी कान मराठीच राहिला. याची परंपरा जुनी आहे. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १६१६ मध्ये ‘क्रिस्तपुराण’ छापले, तेव्हा त्यालाही ओवीच घ्यावी लागली, आणि ख्रिस्ताच्या स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणावे लागले. दुसऱ्याला काही दाखवावयाचे तर ते त्याच्या डोळ्यांच्या मापाने दाखवावे लागते, हे त्या परक्या माणसाला कळले होते.

आता दुसऱ्या काठावर जाऊ. आमच्या जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या धामणगावी १९३५ मध्ये दया पवारांचा जन्म झाला. ‘बलुतं’ १९७८ मध्ये ‘ग्रंथाली’ने काढले. धामणगावचा महारवाडा आणि मुंबईचा कावाखाना ह्या दोन जागांमध्ये ते पुस्तक हेलपाटे घालते. बलुतं हा शब्दच पाहा. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते गावकीच्या कामाबद्दल दिलेले धान्य. सुताराच्या, लोहाराच्या दृष्टीने ते हक्काचे. महाराच्या वाट्याला मात्र हक्क आणि अपमान एकाच पाटीत पडतात. खळ्यावर तो ‘माझे’ म्हणून मागावयास जातो आणि ‘घे’ म्हणून त्याच्या पदरात टाकले जाते. धान्य तेच असते. देणाऱ्याला आपला हात उदार दिसतो. घेणाऱ्याला तो केवढ्या उंचीवरून येतो तेवढे दिसते.

‘बलुतं’ची बांधणी लक्षात घ्यावयास हवी. पुस्तकात दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो, आणि ती ऐकतो तोही तोच: शिकलेला, शहरातला, कवी झालेला दया पवार. एका माणसाचे असे दोन तुकडे कशासाठी? काहींना ही लेखकाची युक्ती वाटते. मला ती युक्ती वाटत नाही. ते पुस्तकाचे दुखणे आहे. लक्ष्मीबाईंच्या दोन नजरा एकीमागून एक आल्या. दगडूच्या एकाच वेळी नांदतात. एका डोळ्याने तो स्वतःचा माणूस म्हणून विचार करतो. दुसरा डोळा गावाने त्याला दिलेला, आणि त्या डोळ्याने तो स्वतःला, आपल्या आईला, आपल्या वस्तीला गाव जसे पाहते तसेच पाहतो. संस्काराचा सर्वांत क्रूर प्रकार हाच. आपल्याला हीन समजणाऱ्याची नजर आपल्याच डोक्यात येऊन बसते आणि बाहेर काढता येत नाही. शाळा शिकल्याने ती जात नाही. उलट शिकलेल्याला ती अधिक स्पष्ट दिसते. नात्यातल्या माणसांची लाज वाटणे, आणि त्या लाजेची पुन्हा लाज वाटणे, हा ह्या पुस्तकाचा खरा विषय आहे. त्यांच्याच समाजातील काही मंडळी तेव्हा रागावली होती; आपला उकिरडा चव्हाट्यावर कशाला मांडला, असा त्यांचा सवाल होता. राग समजण्यासारखा आहे. पण पवारांनी तो उकिरडा झाकून लिहिले असते, तर गावाने दिलेल्या त्या डोळ्याचीच आज्ञा पाळल्यासारखे झाले असते.

दोन्ही पुस्तके एकत्र वाचली म्हणजे प्रत्येकातली उणीवही दिसू लागते. लक्ष्मीबाई कोणाच्याही हातचे पाणी घ्यावयाचे ठरवितात; त्यांचा निश्चय मोठा आहे. पण ज्याच्या हातचे पाणी इतकी वर्षे नाकारले, त्याला काय वाटत होते, हे ‘स्मृतिचित्रे’त फारसे ऐकू येत नाही. त्या माणसाचा आवाज ऐकावयास चाळीस-पंचेचाळीस वर्षे थांबावे लागले. आणि ‘बलुतं’ला सोवळ्याच्या आतले घर बाहेरूनच दिसते, आत राहणाऱ्या बायकाही त्या घागरीला बांधलेल्या असतात, केस उतरवून कोपऱ्यात बसलेल्या असतात, हे त्याला दिसण्याचे कारण नव्हते. यात दोष लेखकांचा नाही. प्रत्येकाला जेथे उभे केले गेले तेथून जेवढे दिसते, तेवढे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. दोन्ही मिळून पाहण्याचे काम वाचकाचे आहे.

आता कोणी विचारील, हे सगळे जुने झाले ना? १९२७ च्या २० मार्चला डॉ. आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले. त्यानंतर गावच्या सनातन्यांनी पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून ते तळे ‘शुद्ध’ केले. १९५० मध्ये राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट झाल्याचे जाहीर केले. कायदा घागर उघडी करतो, हे त्याचे मोठे काम. पण घागरीकडे पाहणारा डोळा कायद्याच्या कक्षेबाहेर राहतो. मी लहान असताना आमच्या गल्लीत काही माणसांच्या ओंजळीत वरून पाणी घातले जाई. आम्हा मुलांना ती पाणी पिण्याचीच एक रीत वाटे, जशी कोणी पेल्याने पितो, कोणी तांब्याने. ‘हे असे का?’ असे कोणी विचारीत नव्हते, कारण विचारण्यासारखे काही दिसतच नव्हते. संस्काराची हीच खूण: तो स्वतःला दिसू देत नाही. म्हणून तो दाखवावयास वाङ्मय लागते. भाषण त्याला चूक ठरवील, कायदा त्याला शिक्षा करील. पण ज्याला तो संस्कार खरा वाटतो त्याच्या डोळ्यांत शिरून, तेथून तो कसा दिसतो हे दाखविणे एवढे एक काम चांगल्या पुस्तकालाच जमते.

तर मग सुटका नाहीच का? शिकविलेलेच दिसत असेल, तर नवे कोणी काय पाहणार? ह्या निराशेला दोन्ही पुस्तके उत्तर देतात. जिला शाळा मिळाली नाही अशी एक बाई एका प्रश्नाच्या बळावर आपली नजर पालटते. धामणगावच्या महारवाड्यातला एक मुलगा गावाने दिलेला डोळा काढून टाकू शकत नाही. पण तो डोळा आपला नव्हे, गावाचा आहे, एवढे तो ओळखतो आणि आपल्याला दाखवितो. पहिली सुटका मोठी वाटते. पण मला दुसरीही लहान वाटत नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला ती दुसरीच येणार आहे.

मुळा आणि प्रवरा ह्या दोन्ही नद्या अकोले तालुक्यातच, सह्याद्रीच्या डोंगरांत उगम पावतात. दया पवारांच्या तालुक्यातून निघालेली मुळा टिळकांच्या राहुरीवरून वाहत येते आणि नेवाशाच्या अलीकडे प्रवरेला मिळते. त्याच प्रवरेच्या काठी, नेवाशाला, १२९० मध्ये ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत सांगितली. वाटेत ह्या पाण्याला कोणी सोवळे म्हटले, कोणी त्याच्यावर पहारे बसविले. ह्या दिवाळीच्या सुटीत घरात ही दोन पुस्तके असतील तर आधी ‘स्मृतिचित्रे’ वाचा आणि लगेच ‘बलुतं’ उघडा; नसतील तर गावच्या वाचनालयातून आणा. मोठ्या मुलांनाही वाचू द्या, आणि वाचून झाल्यावर त्यांनी काही विचारले, तर ‘तू लहान आहेस’ असे म्हणून तो प्रश्न मोडू नका.